लाइट गेल्यावरचे दोन-तीन सेकंद: शेतीपंपाला एनआरव्ही कसा निवडावा, कुठे बसवावा, कसा तपासावा

मोटार चालू असते तोवर पाइपलाइनला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आहे की नाही, हे कळतसुद्धा नाही. असलाच तर तो पंपाचं थोडं हेड, म्हणजे पाणी चढवायचा मीटरमध्ये मोजला जाणारा जोर, खातो, एवढंच. त्याचं काम सुरू होतं लाइट गेल्यावर. विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत चढलेलं सगळं पाणी आधी मंदावतं, क्षणभर थांबतं आणि मग उलटं फिरून पंपाकडे धावत सुटतं. त्याला अडवायचं काम या व्हॉल्व्हचं. ते त्याने किती झटकन केलं, यावर पंप, पाइप आणि विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हचं आयुष्य ठरतं.

दुकानात मात्र आपण व्हॉल्व्ह मागतो तो पाइपाच्या इंचावर. अडीच इंची पाइप, द्या अडीच इंची एनआरव्ही. कुठल्या जातीचा, किती चपळ, कुठे बसणार, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. आपल्याकडे लाइट दिवसातून अनेकदा ट्रिप होते, रात्रीच्या पाळीला तर विहिरीवर माणूसही नसतो. म्हणून निवड करायची ती लाइट जाण्याच्या क्षणासाठी. या लेखातला सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

एनआरव्ही नसेल तर काय होतं

उलट आलेलं पाणी पंपात शिरतं आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, उलटा फिरवतं. मोटार बंद, पण शाफ्ट गरगरतोय, तोही उलट्या दिशेने. काही पंपांत इम्पेलर आट्यांवर बसवलेला असतो किंवा नटाने आवळलेला असतो. उलट फिरण्याने तो सैल होतो. याहून वाईट प्रकार ऑटोचा, म्हणजे लाइट आली की आपोआप मोटार सुरू करणाऱ्या स्विचचा. लाइट गेली आणि लगेच आली, ऑटोने स्टार्टर ओढला, त्या वेळी शाफ्ट अजून उलटा फिरतोय. मोटार त्याला एकदम सुलटा फिरवायला जाते. त्या पिळ्यात शाफ्ट तुटतो, कपलिंग जातं, मोटार जादा करंट घेते आणि कधी कधी जळते. दोष मोटार भरणाऱ्याच्या माथी मारला जातो, पण मूळ कारण पाइपलाइनवर असतं.

बरेच जण म्हणतात, "फूटव्हॉल्व्ह आहे की खाली, मग वर वेगळा एनआरव्ही कशाला?" फूटव्हॉल्व्ह, म्हणजे सगळे ज्याला फुटबॉल म्हणतात तो, पाणी विहिरीत परत जाऊ देत नाही हे खरं. पण मग वरच्या सगळ्या पाण्याचा भार आणि दणका पंपाच्या बॉडीतून आणि विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या सक्शन पाइपातून त्याच्यावर येतो. सक्शनचा पाइप दाबासाठी घेतलेलाच नसतो. तिथे पाइप चिरतो, पंपाची बॉडी तडकते, फूटव्हॉल्व्हची झडप सीटवर आपटून आपटून वाकते. दोघांची कामं वेगळी आहेत. फूटव्हॉल्व्हने पंप भरलेला ठेवायचा, डिलिव्हरीवरच्या, म्हणजे पंपातून शेताकडे जाणाऱ्या पाइपावरच्या, एनआरव्हीने वरचं पाणी पेलायचं. विहिरीवरच्या मोनोब्लॉकला, म्हणजे मोटार आणि पंप एकत्र असलेल्या संचाला, दोन्ही हवेत.

झडपेच्या जाती

आतली रचना साधीच असते. एक सीट, तिच्यावर बसणारी झडप. पुढून दाब आला की झडप उघडते, मागून आला की तोच दाब तिला सीटवर दाबून धरतो. ना हँडल, ना वायर. फरक आहे तो झडप कशी हलते यात.

झुलत्या झडपेचा, म्हणजे स्विंग एनआरव्ही सगळ्यात जास्त दिसतो. वर पिन, तिला लटकलेली गोल झडप. पाणी जाताना ती उचलली जाते, वाट मोकळी होते, हेड फारसं खात नाही, थोडा कचराही निघून जातो. दोष एकच, पण मोठा: झडपेला बंद व्हायला लांबचा प्रवास करावा लागतो आणि ती नुसत्या वजनावर पडते. पाणी उलटं फिरल्यावर ते पाणीच तिला ढकलून आपटतं.

स्प्रिंगवाल्या व्हॉल्व्हमध्ये चकती सरळ रेषेत पुढे-मागे सरकते आणि मागे स्प्रिंग असते. प्रवास जेमतेम बोटभर. पाणी मंदावलं की स्प्रिंग चकतीला सीटकडे ढकलू लागते, त्यामुळे पाणी उलटं फिरायच्या सुमारास झडप जवळजवळ मिटलेली असते. आडवा, उभा, कसाही बसवता येतो. हेड मात्र जास्त खातो, आणि शेवाळ-काडीकचरा स्प्रिंगमध्ये अडकतो. टाकीवरून नुसत्या उताराने येणाऱ्या लाइनला तो लावू नये. आधीच दाब कमी, त्यातला बराचसा स्प्रिंग उघडण्यातच जातो.

दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह दोन फ्लँजांच्या मध्ये चकतीसारखा बसतो. मध्ये पिन, दोन्ही बाजूंना अर्धगोल पाकळ्या, पिनेवर स्प्रिंग. मोठ्या व्यासाच्या लाइनला, उपसा सिंचनाच्या पंपहाउसमध्ये हा सोयीचा, कारण वजन कमी, जागा कमी आणि मिटायला चपळ. आडव्या पाइपात बसवताना पिन उभी राहिली पाहिजे. पिन आडवी राहिली तर एक पाकळी वजनाने आधी पडते, दुसरी उशिरा, आणि पिनेची झीज एकाच बाजूला होते. पाकळ्या उघडल्या की त्या व्हॉल्व्हच्या बाहेर पुढे येतात, म्हणून याला खेटून बटरफ्लाय व्हॉल्व्ह लावू नका. दोघांच्या चकत्या एकमेकींवर घासतात.

चेंडूवाला गाळाच्या, सांडपाण्याच्या किंवा गोठ्यातल्या स्लरीच्या पंपासाठी. स्वच्छ पाण्याला त्याची गरज नाही.

निवड करण्याआधी एक हिशेब

कागद-पेन घ्या. दोनच आकडे लागतात: पाणी किती मीटर उंच चढतं आणि पाइपलाइन किती मीटर लांब आहे.

लाइट गेली की चढाचं पाणी आपल्याच वजनाने मागे ओढलं जातं. ढोबळ हिशेब असा: चढाला लांबीने भागा आणि ९.८ ने गुणा. जो आकडा येईल तेवढा मीटर प्रतिसेकंद वेग, दर सेकंदाला, पाणी आधी गमावतं आणि मग उलट्या दिशेने कमावतं.

समजा तुमची विहीर खाली ओढ्याकाठी आहे, वावर ३० मीटर वर आणि पाइपलाइन ६०० मीटर. ३० भागिले ६०० गुणिले ९.८, म्हणजे साधारण ०.५. पाच एचपीचा पंप, ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, सेकंदाला पाच लिटर पाणी; पाइपात वेग येतो १.३ मीटर. घर्षणही मदतीला असतं, तेव्हा हे पाणी थांबायला दोन-तीन सेकंद घेतं आणि मग सावकाश उलटं फिरतं.

आता दुसरी जागा घ्या. तेवढाच ३० मीटर चढ, पण पाइप फक्त ६० मीटर, म्हणजे खडी टेकडी किंवा दहा मजली इमारत. हिशेब येतो ४.९. इथे पाणी अर्ध्या सेकंदाच्या आतच उलटं फिरतं आणि पुढच्या दोन दशांश सेकंदात उलट्या दिशेने जवळजवळ सेकंदाला एक मीटरचा वेग पकडतं.

आता दणक्याचं गणित. धावतं पाणी एकदम अडलं की दाब किती वाढतो, हे निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली मांडलं, आणि आजही तेच सूत्र वापरतात. अडलेला वेग गुणिले पाइपातल्या दाबाच्या लाटेचा वेग, भागिले ९.८, उत्तर मीटर हेडमध्ये. ही लाट लोखंडी पाइपात सेकंदाला सुमारे १,२०० मीटर धावते, पीव्हीसीत सुमारे ४००. पीव्हीसी जरा फुगतो, म्हणून लाट मंद आणि दणका कमी.

आता दोन्ही जागा ताडून पाहा. स्विंग व्हॉल्व्हला मिटायला दोन दशांश सेकंद उशीर झाला असं धरू. लांब पीव्हीसी लाइनवर तेवढ्यात उलटा वेग जेमतेम ०.१ मीटर, दणका चार मीटर हेड. कळणारही नाही. खड्या लोखंडी लाइनवर उलटा वेग एक मीटरच्या घरात, दणका सुमारे १२० मीटर हेड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो दाब. तोच व्हॉल्व्ह, तेवढाच उशीर.

म्हणून नियम सोपा करून सांगतो. हिशेबाचा आकडा एकाच्या आत आला, तर चांगल्या बनावटीचा स्विंग एनआरव्ही चालतो. दोनच्या वर गेला, तर स्प्रिंगवालाच घ्या. मधल्या आकड्यांना लाइन लोखंडी असेल तर स्प्रिंग, पीव्हीसी असेल आणि पाण्यात कचरा येत असेल तर स्विंग. ही सीमारेषा अनुभवाची आहे, कायद्याची नाही. मोठ्या उपसा योजनेला सर्जचा, म्हणजे या दणक्याचा, पूर्ण हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा लागतो.

लांब लाइनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. पिनेला गंज चढला, झडप अडकून दोन सेकंद उशिरा पडली, तर उलटा वेग एक मीटर होतो. पीव्हीसीत त्याचा दणका ४० मीटर, म्हणजे चार किलो, वर ३० मीटर चढाचे तीन किलो. सात किलो झाले, आणि जमिनीत पाइप आहे सहा किलोचा. चढाचा आणि दणक्याचा भार एकत्र येतो तो विहिरीजवळच्या खालच्या टप्प्यात, म्हणून जॉइंट तिथेच सुटतात. लोक पाइप बदलतात, किलो वाढवतात. आधी झडप उघडून पाहायला हवी.

मापाचा मोह

"मोठा घेतला तर पाणी जास्त येईल" म्हणून पाइपापेक्षा मोठा एनआरव्ही लावणारे पुष्कळ. झुलती झडप पूर्ण उचलून धरायला पाण्याला किमान वेग लागतो. व्हॉल्व्ह मोठा झाला की त्यातला वेग घटतो, झडप अर्धवट उघडी राहून सतत फडफडते. कान लावला तर टकटक ऐकू येते. वर्षभरात पिनेचं भोक अंडाकृती होतं, झडप तिरकी बसते आणि गळती सुरू. मोटार चालू असताना झडप पूर्ण उघडून स्थिर राहिली पाहिजे, या हिशेबाने माप घ्या. पाइपाएवढं माप बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पाइपच गरजेपेक्षा मोठा टाकला असेल, तर व्हॉल्व्ह एक माप लहान चालतो.

खरेदी करताना दुकानातच झडप बोटाने उचलून सोडून पाहा. कुठेही न अडकता, एका आवाजात, सीटवर सपाट बसली पाहिजे. रबराची कड एकसारखी हवी. बॉडीवर बाण कोरलेला हवा, नुसता रंगवलेला नको, कारण रंग उडतो. शेतीपंपाच्या सक्शनकडच्या फूटव्हॉल्व्ह आणि एनआरव्हींसाठी भारतीय मानक आयएस १०८०५ आहे, आणि पाणीपुरवठ्याच्या मोठ्या स्विंग व्हॉल्व्हसाठी आयएस ५३१२. आयएसआयचा शिक्का बघून घ्या. फूटव्हॉल्व्हच्या जाळीची भोकं एकत्र मोजली तर पाइपाच्या तोंडाच्या कितीतरी पट भरली पाहिजेत. बारीक, अपुऱ्या जाळीचा फूटव्हॉल्व्ह आयुष्यभर जादा वीज खातो.

बसवण्याची पद्धत

पहिलं काम, लाइन धुऊन घेणं. पाइप कापल्यावर आत पीव्हीसीचा कीस, वाळू, सोल्युशनचे गोळे राहतात. व्हॉल्व्ह न लावता पंप पाच-दहा मिनिटं चालवून पाणी मोकळं सोडा. नव्या एनआरव्हीची पहिल्याच दिवशी गळती होते, ती नव्वद टक्के वेळा अशा किसानेच, असं माझं ठाम मत आहे.

क्रम असा ठेवा: पंपाचं डिलिव्हरी तोंड, रिड्यूसर, सरळ पाइपाचा तुकडा, एनआरव्ही, मग गेट व्हॉल्व्ह, आणि पुढे लाइन. गेट व्हॉल्व्ह एनआरव्हीच्या पुढेच हवा. तो बंद केला की लाइन भरलेली ठेवून एनआरव्ही उघडता येतो. उलट क्रम लावला, तर झडप साफ करायची म्हणून सहाशे मीटरचं पाणी अंगावर घ्यावं लागतं, आणि मग ती कधीच साफ होत नाही.

सरळ तुकडा पाइपाच्या व्यासाच्या किमान पाचपट लांब ठेवा. ७५ मिलिमीटरला साधारण सव्वा फूट, जागा असेल तर त्याहून जास्त. पंपातून किंवा बेंडमधून निघालेलं पाणी घुसळलेलं असतं. ते थेट झडपेवर आलं तर झडप थरथरते.

बाणाची दिशा पंपाकडून शेताकडे. स्विंग व्हॉल्व्ह आडव्या पाइपात बसवताना झाकण, म्हणजे पिनेची बाजू, वर. उभ्या पाइपात बसवायचा तर पाणी खालून वर जाणाऱ्या पाइपातच. पाणी वरून खाली येत असेल तिथे झडप वजनाने उघडीच लोंबकळते, तिथे तो निरुपयोगी.

बिडाचा व्हॉल्व्ह जड असतो. त्याचं ओझं प्लास्टिकच्या पाइपावर सोडू नका. खाली काँक्रीटचा ठोकळा किंवा अँगलचा स्टँड द्या. लाइन जिथे वळते तिथेही ठोकळा टाका, कारण दणका बसतो तेव्हा बेंड बाहेर सरकू पाहतो. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, नाहीतर गॅस्केट एका बाजूला चेपतं. आट्यांच्या व्हॉल्व्हला टेफ्लॉन टेप पुरते; पाना फार लांब घेऊन आवळला तर बॉडी पिळवटते आणि सीट वाकडी होते.

पंप आणि एनआरव्हीच्या मधल्या तुकड्यावर, वरच्या बाजूला, अर्धा इंची कॉक ठेवा. पंप भरताना हवा कोंडते, कारण पुढे एनआरव्ही मिटलेला असतो. हवेला वाट मिळाली नाही तर पंप कितीही भरला तरी पाणी ओढत नाही. कॉक उघडा, भरा, हवेऐवजी पाणी आलं की बंद करा. आणि एनआरव्हीच्या पुढे एक प्रेशर गेज लावा. आपल्याकडे हा खर्च कुणी करत नाही, पण पुढची सगळी तपासणी याच काट्यावर होते.

लाइन मध्येच टेकाडावरून जात असेल, तर टेकाडाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह हवाच. लाइट गेल्यावर माथ्यावरचं पाणी दोन्हीकडे ताणलं जातं, मध्ये पोकळी होते, आणि दोन्ही बाजूंचं पाणी परत येऊन तिथे आदळतं. एनआरव्ही कितीही चपळ असला तरी हा दणका त्याच्या हातातला नाही.

फूटव्हॉल्व्ह तळापासून हात-दीड हात वर आणि उन्हाळ्यातल्या खालच्या पातळीलाही पाण्यात बुडालेला हवा. पंप पाण्यापासून सहा-सात मीटरच्या वर बसवू नका. त्याच्या पुढे कुठलाही फूटव्हॉल्व्ह मदत करत नाही. ऑटो असेल तर लाइट आल्यावर काही मिनिटांनी मोटार सुरू होईल असा विलंब ठेवा.

बोअरच्या सबमर्सिबलचं वेगळं

बहुतेक सबमर्सिबल पंपांच्या तोंडावर एनआरव्ही बसवलेलाच असतो, स्प्रिंगवाला. तो तिथेच, पाण्याच्या पातळीखाली, हवा. काही जण पंपाचा काढून वर जमिनीजवळ लावतात. मग मोटार थांबली की खालचं पाणी बोअरमध्ये उतरतं आणि पाण्याची पातळी साधारण दहा मीटरहून खोल असेल तर वरच्या एनआरव्हीखाली पोकळी राहते. पुढच्या वेळी पंप सुरू होताच पाणी त्या पोकळीतून भरधाव येऊन मिटलेल्या झडपेवर आदळतं.

दुसरी वाईट सवय म्हणजे एनआरव्हीच्या झडपेला भोक पाडणं. पंप वर काढताना पाइप पाण्याने भरलेले असले की जड जातात, म्हणून हे करतात. पण त्यामुळे प्रत्येक वेळी बंद करताना इम्पेलर उलटे फिरतात, आणि सुरू करताना वर पाण्याचा भार नसल्याने इम्पेलर वर उचलले जाऊन थ्रस्टच्या चकत्या खातात. पंप काढायची पाळी मग लवकरच येते. बोअर फार खोल असेल तर वरच्या पाइपात आणखी एक एनआरव्ही लावावा लागतो. किती अंतरावर, ते पंपाच्या कंपनीच्या पत्रकात दिलेलं असतं, ते पाळा. स्विंग व्हॉल्व्ह बोअरमध्ये कधीच नको. चढ आणि लांबी तिथे सारखीच, म्हणजे हिशेबाचा आकडा थेट ९.८.

खत आणि औषध विहिरीत जाऊ नये म्हणून

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकलं तर नुकसान मोटारीपुरतं राहत नाही. ठिबकमधून व्हेंचुरीने, म्हणजे टाकीतलं खत लाइनमध्ये ओढून घेणाऱ्या जोडणीने, खत किंवा ॲसिड चालू आहे आणि लाइट गेली. पाणी मागे फिरलं, लाइनमध्ये ओढ निर्माण झाली, आणि खताची टाकी त्या ओढीने विहिरीत रिकामी होऊ शकते. त्या विहिरीचं पाणी घरातली माणसं पितात, गुरं पितात, शेजारच्या विहिरींनाही आतून झरे जोडलेले असतात.

पंपाजवळचा एक एनआरव्ही यासाठी पुरेसा धरू नका. फिल्टर आणि व्हेंचुरीच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, दुसरा एनआरव्ही लावा आणि दोघांच्या मधल्या तुकड्याला खालून एक छोटा कॉक द्या. मोटार बंद करून तो उघडायचा. मधलं पाणी निघून गेल्यावर थेंब थांबले तर व्हेंचुरीकडचा एनआरव्ही धरून आहे. धार चालूच राहिली तर तो गळतोय. खत सोडायचं थांबवा आणि आधी तो दुरुस्त करा. हा दुसरा एनआरव्ही प्लास्टिक बॉडीचा घ्या. अमोनियाची खतं पितळेला खातात, ॲसिड बिडाला. शेताच्या बाजूला मेनच्या उंच टोकावर हवा आत घेणारा व्हॉल्व्हही ठेवा, म्हणजे लाइन रिकामी होताना ड्रिपरमधून चिखल आत ओढला जात नाही. खत संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी चालवा.

फवारणीचा दोनशे लिटरचा ड्रम भरताना नळीचं टोक औषधात बुडवून ठेवायची सवय घराघरात आहे. लाइट गेली की ती नळी ड्रममधलं औषध उलटं ओढते. इथे कुठलाही व्हॉल्व्ह नको. नळीचं टोक ड्रमच्या काठाच्या वीतभर वर बांधा. मध्ये हवा असली की पाणी उलटं ओढलं जाऊच शकत नाही. एनआरव्ही आज ना उद्या गळतो, हवेचं अंतर गळत नाही. पिण्याच्या टाकीत पडणाऱ्या नळालाही हेच लागू.

गळतोय कोण, ते ओळखणं

मोटार बंद करा आणि मागच्या जाळीतून पंख्याकडे पाहा. पंखा मंदावत थांबला तर ठीक. थांबून उलटा फिरू लागला तर डिलिव्हरीचा एनआरव्ही धरत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडातही हे दिसतं.

गेज असेल तर मोटार थांबल्यावर काटा चढाच्या दाबावर स्थिर राहायला हवा. ३० मीटरला तीन किलो. हळूहळू उतरत गेला तर गळती आहे, मग ती एनआरव्हीत किंवा लाइनीच्या जॉइंटमध्ये. गेज एनआरव्ही आणि गेट व्हॉल्व्हच्या मध्ये असेल, तर गेट बंद करा. तरीही काटा पडला तर गळती एनआरव्हीचीच. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बॉडीवर आणि मूठ कानाला लावली तर सीटमधून जाणाऱ्या पाण्याची सर ऐकू येते.

पंप सकाळी पाणी ओढत नाही, ही तक्रार असेल तर संध्याकाळी मोटार बंद करून तासाभराने पंपावरच्या भरणीच्या बोल्टला एक-दोन आटे सैल करा. एकदम काढू नका, आत दाब असू शकतो. पाणी जोरात उसळलं तर वरचा एनआरव्ही गळतोय. पाणी उसळत नाही, पण बोल्ट काढल्यावर आत पाण्याची पातळी खाली खाली जाताना दिसते, तर फूटव्हॉल्व्ह गळतोय. पातळी तशीच राहते, तरी चालू केल्यावर धार तुटते, तर दोन्ही व्हॉल्व्ह ठीक आहेत आणि सक्शनच्या एखाद्या जॉइंटमधून किंवा ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून, पंप हवा धरतोय.

फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पंपात शेणकाला ओतायची जुनी युक्ती आहे. शेणातले तंतू सीटच्या फटीत बसतात, पाणी थांबतं आणि पंप सुरू होतो. अडचणीला ठीक. पण तेच तंतू नंतर झडप सीटवर नीट बसू देत नाहीत आणि इम्पेलरमध्ये, ठिबकच्या फिल्टरमध्ये साचतात. एकदा काला घातला की त्याच आठवड्यात फूटव्हॉल्व्ह वर काढायचा, असा नेम करा.

वर्षाची देखभाल

पावसाळा संपून रब्बीचं पाणी सुरू करण्याआधी अर्धा दिवस काढा. आधी स्टार्टरचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटोवर भरवसा नको. गेट व्हॉल्व्ह बंद करा, पंप आणि एनआरव्हीमधला कॉक उघडून पंपाकडचा दाब सोडा, झाकणाचे बोल्ट थोडे सैल करून एनआरव्ही आणि गेटच्या मध्ये कोंडलेला दाब जाऊ द्या, मगच एनआरव्हीचं झाकण खोला.

झडप हाताने हलवा. पिनेत खुळखुळ असेल तर पिन आणि बुश बदला. रबर नखाने दाबून पाहा: कडक होऊन भेगा पडल्या असतील किंवा सीटची खोल चर उमटली असेल तर नवं टाका. सीटवर क्षारांचा पांढरा थर असतो. तो पातळ ॲसिडने, हातमोजे घालून काढा, छिन्नीने नको, कारण सीटवर एक ओरखडा उठला की ती पुन्हा कधी घट्ट बसत नाही. धातूवर धातू बसणारी सीट खरवडली असेल तर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून झडप गोल फिरवत घासून बसवता येते. स्प्रिंग तुटली किंवा तिच्यावर गंजाचा चुरा आला, तर त्या व्हॉल्व्हमध्ये पैसे घालू नका, बदलून टाका.

झाकण लावताना गॅस्केट दरवेळी नवं घ्या. लावून झाल्यावर पंप भरा, गेट व्हॉल्व्ह थोडासाच उघडून मोटार सुरू करा आणि लाइनमधली हवा निघेपर्यंत गेट सावकाश पूर्ण उघडा. मग मोटार स्टार्टरने बंद करून पंख्याकडे पाहा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा गेजकडे.